अठ्ठ्याण्णव

लास वेगासच्या ज्या मजल्यावर मी उभी असते
तिथं घड्याळ नाही, खिडकी नाही.
गालिचा आहे, त्याची नक्षी
रात्री तीनला हलायला लागते.

काचेच्या नळकांड्यांत चार रंगांचं पाणी बुडबुडतं:
संत्रं, निलगिरी, पुदिना,
आणि एक निळं, ज्याचं नाव मालकानं ‘पहाट’ ठेवलंय.
ते कशाचं आहे, मलाही माहीत नाही.
पंधरा मिनिटं, वीस डॉलर.
नळी नवी, ती तुम्ही घरी न्या.

लोक येतात. हरलेले जास्त.
आधी बोटाला चिमटा लावते:
अठ्ठ्याण्णव.
पंधरा मिनिटांनी पुन्हा:
नव्व्याण्णव. कधी अठ्ठ्याण्णवच.
काठोकाठ भरलेल्या घागरीत
आणखी किती ओतणार?
पण खांदे खाली आलेले असतात,
हे मी पाहिलंय, ते खोटं नाही.
ओहायोहून मुलीच्या लग्नाला आलेली एक बाई
सातव्या मिनिटाला रडायला लागली
आणि जाताना म्हणाली,
काय हवा आहे हो तुमची!

मार्चमध्ये यंत्र बिघडलं.
आम्हाला पत्ताच नाही.
दुरुस्तीवाला तेस्फाये झाकण उघडून हसला:
अगं येसेनिया, नऊ दिवस
तू यांना याच खोलीतली हवा विकतेयस,
सिगारेटसकट.
नऊ दिवसांत तक्रार एक,
तीही खुर्चीची.

आमचं काउंटर पांढरं आहे. दगडाचं म्हणतात,
खरं तर दगडाचा भुगा, राळेत थापलेला.
आत कण चमचमतात,
लोक वर कोपरं टेकतात.
असल्याच लाद्या माझा भाऊ एफ्राइन कापायचा,
बारा वर्षं, पाणी न मारता,
कारण पाणी मारलं की काम रेंगाळतं.
लोकांच्या स्वयंपाकघरांची धूळ
आता त्याच्या छातीत ठाण मांडून आहे.
वय एक्केचाळीस.

त्याचं यंत्र पलंगाशी घुरघुरतं.
त्याला रंग नाही, वास नाही,
विजेचं बिल आहे.
जूनमध्ये एका रात्री लाईट गेली
तेव्हा त्याला कळायला नऊ दिवस लागले नाहीत.
चौथ्या मिनिटाला ओठ जांभळे,
आणि मी टॉर्च दातांत धरून
सिलेंडरची किल्ली शोधतेय,
जी नेहमीच्याच खिळ्यावर होती.

काल पाळीत एकानं विचारलं,
दाढीवाला, हिशेबी दिसत होता:
खरं सांग, यानं बरं वाटतं का?
कामावर घेताना या प्रश्नाचं उत्तर
माझ्याकडून पाठ करून घेतलंय.
ते मी म्हटलं नाही. म्हटलं,
तू नुसता बसला होतास, असं शेवटचं कधी?
त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं,
जसं काही त्यात लिहिलं असावं.
मग वीस डॉलर ठेवले.

सकाळी घरी आले तर अंगाला संत्र्याचा वास.
एफ्राइन म्हणाला, आण ना कधी
ते तुझं नारिंगी पाणी, माझ्या यंत्रात घालू.
नाही म्हटलं. असलं काही चालत नाही,
नर्सनं दोनदा बजावलंय.
मग फ्रिजवरच्या टोपलीतलं एक संत्रं घेतलं,
जरा सुकलेलं,
आणि त्याच्या उशाशी बसून सोललं.

नळीच्या कोरड्या झोतात त्याला वास लागेना.
त्यानं नळी काढली.
मी ओरडणार होते.
बोटावरचा आकडा उतरत होता,
एक्क्याण्णव, एकोणनव्वद, सत्त्याऐंशी,
आणि तो डोळे मिटून,
साल नाकाशी चुरगाळत म्हणाला,
थांब.
थांब जरा.